जुन्या अर्थाने नर्स

माणिकबाई आमच्याकडे भाजी देत असे. तिची ओळख एवढीच सांगायची असे आमच्या घरात ठरले होते, आणि अठरा वर्षे ती तेवढीच सांगितली गेली.

बडनेऱ्याच्या वाटेवर एका बागाईतदाराच्या मळ्यात तिचा नवरा शालिकराम संत्र्याची कलमे बांधायचे काम करी. मळ्याच्या कडेचे चार वाफे मालकाने त्यांना दिले होते. त्यांत निघालेली मेथी, शेपू, वांगी टोपलीत घालून ती रोज सकाळी अमरावतीत अंबागेटच्या आत येई आणि आमच्या मागच्या दारी टोपली उतरवी. उंच, हाडापेराने मोठी बाई. टोपली उतरवायला कुणाचा हात लागू देत नसे. बोलणे तिखट. माझ्या सासूबाई एकेक वांगे उलटसुलट करून पाहू लागल्या की म्हणे, "मोठ्या बाई, वांगं हाय ते, जावाई नाई. एवढं काय पायता?"

सासूबाई हसत नसत, पण भाजी तिच्याचकडून घेत.

१९५० सालच्या श्रावणात माझी शैला झाली. दहा दिवस बरे गेले. अकराव्या दिवशी मला ताप भरला, छातीत गळू झाले, ते फोडावे लागले, आणि दूध गेले ते गेलेच. डब्यातली पावडर पाण्यात कालवून पाजली, ती मूल ओकून टाकी. गाईचे दूध दिले, त्याने जुलाब लागले. महिन्याची झाली तेव्हा शैला जन्मली त्याहून हलकी होती. डॉक्टरांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती घडी उभीच राहिली. ते म्हणाले, "हिला बाईचेच दूध पाहिजे. कोणाचेही चालेल."

'कोणाचेही' या शब्दाने आमच्या घरात कुणाला झोप लागली नाही. आजेसासऱ्यांपर्यंत घरात पौरोहित्य होते. सासरे, बापूसाहेब, वकिली करीत. माझे यजमान कमलाकांत, त्यांनीही नुकतीच सनद घेतली होती. नात्यातली अंगावर पाजणारी बाई जवळपास कुणी नव्हती. माणिकबाईची शालू तेव्हा तीन महिन्यांची होती. मागच्या दारातून तिने शैलाचे रडणे ऐकले. रडणे कसले, मांजराच्या पिल्लाचा आवाज तो.

"मोठ्या बाई, लेकरू भुकेनं रडून राह्यलं ना," ती म्हणाली. "आना इकडं. पाजून देतो."

सासूबाई म्हणाल्या, "शिव शिव. भाजी ठेव नि जा."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः तिला बोलावणे पाठवले.

नियम त्यांनी घातले. तिने रोज दोनदा यायचे. मागच्या दारानेच. विहिरीवर अंघोळ करायची, वेगळ्या दांडीवर वाळत घातलेले आमच्या घरचे लुगडे नेसायचे, पडवीत बसायचे. मूल तिच्या मांडीवर ठेवले जाईल, पाजून झाल्यावर उचलून घेतले जाईल. ती घरात येणार नाही. आणि शेवटचा नियम सासूबाईंनी तिला हळू आवाजात सांगितला, पण मी माजघरात पडल्या पडल्या ऐकला.

"घरी पाजून येत जाऊ नकोस. भरल्या अंगाने ये."

"मंग माही पोट्टी?"

"तुझ्या पोटचीच आहे ती. तिला मागून मिळेल की."

मी बी.ए. होते. इंग्रजी हा माझा खास विषय होता. मी उठून बसू शकत होते, आवाज देऊ शकत होते. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, आणि पडवीतून शैलाच्या घुटक्यांचा आवाज येऊ लागला तेव्हा मला दुसरे काहीही ऐकू येईनासे झाले.

लोकांना कळू नये म्हणून सासूबाईंनी एक बकरी विकत घेतली. अंगणात ती सर्वांना दिसेल अशी बांधली. शेजारणी विचारायला आल्या की त्या म्हणत, "बकरीचे दूध मानवले हो पोरीला." त्या बकरीचे दूध रोज एका लोटीत घालून माणिकबाईबरोबर जाई, शालूसाठी. आमच्या मुलीला तिचे दूध, तिच्या मुलीला आमच्या बकरीचे. सासूबाईंना यात कुठेही अन्याय दिसत नव्हता. बकरी मध्येच आटली तेव्हा लोटी रिकामी जाऊ लागली, आणि ती रिकामी का जाते हे कुणी विचारले नाही. शैलाच्या हातापायांना वळ्या पडू लागल्या होत्या.

त्या दिवसांत मला आमच्या कॉलेजातले केशवराव आठवत. ते इंग्रजी शिकवीत आणि शब्दांची कुळे सांगत. एकदा वर्गात त्यांनी विचारले, नर्स म्हणजे काय? आम्ही चौघी मुली पुढच्या बाकावर होतो. एकजण म्हणाली, दवाखान्यातली. ते म्हणाले, ही तिची अलीकडची नोकरी झाली. शब्द लॅटिनातून फ्रेंचमार्गे आला. मूळ धातूचा अर्थ पोसणे, अंगावर पाजणे. इंग्रजीत आल्यावर तीनशे वर्षे नर्स म्हणजे दुसरीचे मूल स्वतःच्या दुधावर वाढवणारी बाई. मग मूल नुसते सांभाळणारी. आजाऱ्याची सेवा करणारी त्यानंतर, आणि टोपी, पोशाख, परीक्षा तर काल-परवाच्या. आपला 'दाई' शब्दही असाच उतरला, ते म्हणाले. फारशीत दाया म्हणजे दूध पाजणारी. आपल्याकडे येईतो ती बाळंतपण करणारी झाली. "दुधाची आठवण दोन्ही भाषांनी पुसली," असे म्हणून त्यांनी फळा पुसला. मुले हसली. मी वहीत लिहून घेतले.

आता तो पहिला अर्थ आमच्या पडवीत बसलेला होता. घामाने भिजलेला, दांडीवरचे लुगडे नेसलेला.

पंधरा महिने ती आली. मग शैला मऊ भात खाऊ लागली आणि सासूबाईंनी तिची ओटी भरली. खण, नारळ, एक नवे नऊवारी लुगडे. सगळे रीतसर. मग त्यांनी शैलाला तिच्यासमोर बसवले, माणिकबाईचा उजवा हात धरला आणि मुलीच्या डोक्यावर ठेवला.

"हिला तुझे दूध पाजले हे कुणाला सांगणार नाहीस. तुझ्या पोरीलाही नाही. उद्या हिचे लग्न व्हायचे आहे. सांगितलेस तर हिच्याच..." पुढचे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. उच्चारायचे नसतातच.

माणिकबाई म्हणाली, "नाई सांगत." हात तिने लगेच काढला नाही. मी पाहत होते.

दुसऱ्या आठवड्यात बकरी विकली. माणिकबाई पुन्हा टोपली घेऊन येऊ लागली. शैला धावत जाऊन तिच्या मांडीत बसे, तेव्हा सासूबाई "अग, भाजीला हात लावू नकोस" म्हणून तिला उचलून आणत. पुढे शैलाही विसरली.

नर्स हा शब्द आमच्या गावात मग वेगळ्याच वाटेने फिरला. मी त्यावर लक्ष ठेवून होते, कारण माझा असा एक शब्द घरात कुणाला न सांगता मी जपला होता. पन्नासच्या आसपास नर्स म्हणजे बायकांच्या दवाखान्यातली पांढऱ्या टोपीची बाई, बहुतेक ख्रिस्ती, तिला सगळे 'नर्सबाई' म्हणत आणि तिच्या हातचे पाणी पीत नसत. पाच-सहा वर्षांत हिंदू मुलीही त्या कामात दिसू लागल्या, आणि शब्द आवाज उतरवून बोलला जाऊ लागला. आमच्या गल्लीत एकीने खोली मागितली. घरमालकाने आधी होकार दिला होता. "नर्स आहे म्हणे ती," एवढे कुणीतरी त्यांच्या कानात सांगितले आणि खोली मिळाली नाही. रात्री बाहेर राहते, परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावते, झाले. ज्यांच्या घरच्या आजाऱ्यांना तिने उचलून बसवले होते तेच हे बोलत. पुढे युद्ध झाले, वर्तमानपत्रांत जखमींच्या खाटांजवळ उभ्या असलेल्या नर्सांचे फोटो आले, तेव्हा तोच शब्द काही महिने मोठ्याने आणि अभिमानाने बोलला गेला. मात्र स्वतःच्या मुलीचे नाव कुणी त्या वर्गात घातले नाही.

पासष्ट साली शालिकरामच्या मालकाने मळ्याच्या फाटकावर 'नर्सरी' अशी पाटी लावली. शालिकराम एकदा माणिकबाईऐवजी टोपली घेऊन आला होता. त्याने विचारले, "बाई, तुमी शिकेल हा. नर्सरी म्हंजे काय जी? पोट्टे म्हंते आमच्या मळ्यात नर्सा राह्यतात."

मी त्याला सांगितले की जिथे लहान जीव पोसतात ती नर्सरी. आधी मुलांची खोली, मग रोपांची जागा.

"मंग बरोबर हाय. आमी जंबेरीच्या, म्हंजे रानलिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो. मूळ जंबेरीचं. पानी, खत, सारं तेच वर पोचवते." त्याने टोपली उचलली. "संत्रं लागल्यावर जंबेरीचं नाव कोनी घेत नाई."

त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही.

शालू आईवर गेली नव्हती. लहानखुरी, सडपातळ, मनगटे काटकुळी. चालायला ती शैलापेक्षा खूप उशिरा लागली असे माणिकबाई एकदा सहज बोलून गेली होती. पण डोक्याने तल्लख. त्यांच्या वस्तीवर देवी टोचायला एक नर्स येई. तिच्यामागे पेटी धरून ती दारोदार फिरली होती आणि तेव्हापासून तिने एकच धरले होते. अडुसष्ट साली ती मॅट्रिक झाली. अकोल्याच्या एका दवाखान्याने नर्सिंगचा वर्ग चालवला होता. तिथे राहायची सोय होती आणि शिकून झाल्यावर तिथेच काम मिळे. तिने अर्ज आणला. शिक्षणाची, वयाची अट ती पुरी करीत होती. एकच अडचण होती. नर्सच्या नावाला लोक डाग शोधतात म्हणून त्या दवाखान्याच्या मंडळाने नियम केला होता की प्रत्येक मुलीला लहानपणापासून जवळून ओळखणाऱ्या प्रतिष्ठित व्यक्तीचा दाखला पाहिजे, आणि मुलाखतीत मंडळ त्याची खातरजमा करील.

माणिकबाई दाखल्यासाठी माझ्याकडे आली. अठरा वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट.

"तुमची सही चालते म्हंते बाई. बी.ए. हा तुमी."

यजमान नको म्हणाले. कारण होते. शैलाचे अकोल्याला जमत आले होते. मुलगा उद्धव, कॉलेजात शिकवणारा. त्याची आत्या शकुनताई नेमकी त्या दवाखान्याच्या मंडळावर होती. "उगाच कागदपत्रे करू नकोस," ते म्हणाले. "एक प्रश्न विचारतील, त्यातून दुसरा निघेल." सासूबाई जाऊन सात वर्षे झाली होती, पण त्यांचा नियम घरात शाबूत होता.

मी यजमानांना न विचारता दाखला लिहिला. 'कुमारी शालू हिला मी तिच्या जन्मापासून जवळून ओळखते. तिचे चारित्र्य उत्तम आहे.' खाली सही, सहीखाली पदवी. मला त्या दिवशी फार धीट झाल्यासारखे वाटले होते.

मुलाखतीला मायलेकी बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला गेल्या. तिथे काय झाले ते माणिकबाईने परत आल्यावर आमच्या मागच्या पायरीवर बसून सांगितले. शालूला सगळ्या प्रश्नांची उत्तरे आली. मग शकुनताईंनी माझा दाखला हातात घेतला.

"वकिलीणबाई जन्मापासून ओळखतात म्हणतात. ते कसे?"

"माय भाजी नेते त्यांच्याकडे," शालू म्हणाली. तिला दुसरे माहीतच नव्हते.

"माझ्याकडेही भाजीवाली येते. तिला मुले किती हे मला सांगता येणार नाही. जन्मापासून ओळखायला भाजी कशी पुरते?"

आदल्या वर्षी एकीचा दाखला खोटा निघाला होता म्हणून ताई खोदून विचारीत होत्या. त्यांनी बाहेर बसलेल्या माणिकबाईला आत बोलावले.

"तुमचा आणि वकिलांच्या घराचा संबंध काय?"

"भाजीचा."

"तेवढाच?"

"तेवढाच जी."

"मग बाईंनी हे असे का लिहिले?"

"त्यायलेच इचारा."

हे सांगून माणिकबाई माझ्याकडे पाहत राहिली. "म्या भाजीचा म्हटलं. खोटं तं नाई ना ते? आता त्या तुमाले चिठ्ठी लिवतीन. तुमी लिवून द्या बाई काय ते. मले बोलता येत नाई. तुमाले येते."

मला वाटले, अडाणी बाई, अजून मेलेल्या सासूबाईंना भिते.

आठवडाभराने शकुनताईंचे पत्र आले. भाषा सभ्य होती. मुलगी हुशार आहे, घेण्याची इच्छा आहे, परंतु मुलीची आई सांगते तो संबंध आणि आपला दाखला यांचा मेळ बसत नाही. तरी आपण या कुटुंबाला जन्मापासून कसे ओळखता ते दोन ओळींत कळवावे, म्हणजे जागा निश्चित करता येईल. रविवारी उद्धवकडची मंडळी शैलाला पाहायला यायची होती.

मी दोन पत्रे लिहिली. पहिले इंग्रजीत. इंग्रजीत ते सोपे गेले. शालूच्या आईने माझ्या मुलीला पंधरा महिने आपल्या दुधावर वाढवले, माझी मुलगी तिच्यामुळे जिवंत आहे, तिला माझ्या मुलीची नर्स म्हणायला मला अभिमान वाटतो, जुन्या आणि खऱ्या अर्थाने. ते वाचताना मला केशवरावांचा वर्ग आठवला आणि डोळे भरून आले. मग यजमान आत आले. त्यांनी ते वाचले. रागावले नाहीत.

"सुंदर लिहिले आहेस," ते म्हणाले. "आता याचे मराठी करून उद्धवच्या आईला वाचून दाखवता येईल का ते बघ."

मी मनात मराठी करून पाहिले. माळ्याच्या बाईने पाजलेली मुलगी. अठरा वर्षे बकरीचे सांगून लपवलेली.

दुसरे पत्र मराठीत होते. 'सदर मुलीची आई अनेक वर्षे आमच्याकडे भाजी देत असून कुटुंब कष्टाळू आहे. दाखल्यातील "जन्मापासून" हे शब्द सहज लिहिले गेले, त्यांचा अधिक अर्थ घेऊ नये.' ते मी माझ्या हाताने लिहिले, माझ्या हाताने पेटीत टाकले. रविवारी मंडळी आली. शैला पसंत पडली. पुढच्या आठवड्यात शालूला नकाराचे कार्ड आले.

माणिकबाई पाच दिवस आली नाही. सहाव्या दिवशी आली, टोपली उतरवली आणि मेथीच्या जुड्या मोजून दिल्या. मी पैसे मोजून दिले. शकुनताईंनी शालूला बोलावून माझे पत्र वाचून दाखवले होते, हे मला नंतर कळले.

लग्न मार्गशीर्षात झाले. माणिकबाईने मांडवाला झेंडूच्या माळा पुरवल्या आणि मागच्या बाजूला शेवटच्या पंगतीत जेवली. पहिल्या ओळीत, विहीणबाईंच्या शेजारी, एक सुरकुतलेली म्हातारी बसली होती. अंगावर नवे कोरे लुगडे, हातात हिरवा चुडा, पाय सोडून ऐसपैस. मला वाटले, कुणी लांबची आजी असेल. मी शकुनताईंना विचारले.

"ती होय? पातूरची गवळण. आमच्या वहिनीला दूध नव्हते ना. उद्धव तिच्याच अंगावर वाढला. दूधआई त्याची. तिला मानाचे लुगडे नेसवल्याशिवाय तो बोहोल्यावर चढणार नाही म्हणाला." मग त्या माझ्याजवळ सरकल्या. "त्या तुमच्या भाजीवालीच्या मुलीचे मला अजून वाईट वाटते बाई. हुशार होती. तुम्ही एक बरी ओळ लिहिली असती तर मी घेतली असती."

मी वाढप्यांना काहीतरी सांगायला उठून गेले.

शालू आता अमरावतीतच, बाळंतिणींच्या एका खाजगी दवाखान्यात आया आहे. मागच्या आठवड्यात मी तिथे शैलाचे नाव नोंदवायला गेले. शैलाला सातवा महिना आहे. ती बारीक आहे, तिला अन्न जात नाही, आणि तिला माझ्यासारखे होईल की काय या धास्तीने मला हल्ली काही सुचत नाही. बाळंतिणीच्या खोलीतून कुणीतरी हाक मारली, "ओ नर्स." बादली खाली ठेवून शालू गेली. परत येताना तिने मला पाहिले.

"सारे नर्सच म्हणतात," ती म्हणाली. "मी सांगतो त्यायले, आया हाय म्हणून. तुमी बऱ्या हा ना बाई? शैलाताईचं नाव का?"

मी तिथून थेट बडनेऱ्याच्या वाटेला लागले. अठरा-एकोणीस वर्षांत त्या मळ्यावर मी पहिल्यांदाच गेले. माणिकबाई वाफ्यात वाकून शेपू उपटत होती. मला पाहून तिने पाठ सरळ केली, पण बाहेर आली नाही.

मी बांधावर उभी राहूनच बोलले. म्हटले, सासूबाई गेल्या. शैलाचे लग्न झाले. ती शपथ आता उरली नाही. शालूला सांग. मी शकुनताईंना पत्र लिहिते, सगळे खरे लिहिते.

"एकडाव नाई म्हटलं त्यायनं. मंग पुन्हा घेत नाई. इचारून आली ती."

"तरी सांग तिला. तू सासूबाईंना कशाला भितेस अजून?"

माणिकबाई हसली. हसणे चांगले नव्हते ते.

"मोठ्या बाईले कोन भेते? त्यायची शपथ म्या कायले पाळू? हात कोनाच्या डोक्यावर होता माहा?" तिने मातीचा तळहात माझ्यासमोर धरला. "टाळू भरली नवती पोट्टीची तवा. हाताखाली धकधक करे. अकोल्याले त्या बाईनं इचारलं तवा शालू माह्या पुढं उभी होती. जिभेवर आलं होतं. म्हटलं, सांगून टाकाव. मंग हे आठवलं." तिने तळहात मिटला. "सांगतलं अन् शैलाले काई झालं तं? एकीची जागा गेली तं गेली, बाई. दुसरीचा जीव मी पणाले लावू?"

मी म्हटले, अशा शपथांनी काही होत नसते.

"तुमाले मालूम होतं ना ते? शिकेल हा तुमी." ती पुन्हा वाकली, शेपू उपटू लागली. "अन् तुमच्यावर तं शपथबी नवती."

पलीकडे कलमांच्या रांगा होत्या, प्रत्येक कलमाला हातभर उंचीवर फडक्याची पट्टी बांधलेली. शालिकराम तिकडे बसला होता. त्याने मान वर केली नाही.

वाकल्या वाकल्याच माणिकबाईने विचारले, "कितवा हाय शैलाले?"

"सातवा."

"अंगावर हाय काई?"

"नाही. काटकी झाली आहे नुसती. मला भीती वाटते, माझ्यासारखे तिलाही..."

तिने मला वाक्य पुरे करू दिले नाही. उपटलेल्या शेपूच्या दोन जुड्या बांधल्या, मुळांची माती झटकली आणि बांधाशी आली.

"रोज खाऊ घाला तिले. दूध येते यानं. दर दोन दिवसांनी ताजा आनून देईन."

मी हात पुढे केला नाही. मला तो करवत नव्हता.

"घ्या ना," ती म्हणाली. "तुमीच लिवलं ना अकोल्याले, भाजी देते म्हणून? मंग घ्या भाजी."

मी पिशवी नेली नव्हती. पदर पुढे केला. तिने जुड्या त्यात टाकल्या आणि वाफ्यात परत गेली.